काढणीच्या दिवसांतला रिकामा माणूस

(अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर भागातलं बेकारभत्त्याचं कार्यालय. नोव्हेंबरमधली सकाळ.)

लुसिएन : ओळखपत्र? नोएला, तुझ्या आईने मला पोहायला शिकवलंय, आणि तू मला ओळखपत्र मागतेस?

नोएला : मी ओळखते रे तुला. राज्य कुठे ओळखतं? टोपी काढ, कॅमेऱ्याकडे बघ.

लुसिएन : डोक्यावर काही उरलं नाही म्हणून तर घातलीय. घे. पण आधी सांग, माझा भत्ता का अडवलास? हंगाम संपला, मालकिणीने सोमवारी सगळ्यांना घरी पाठवलं. इकडे हीटरच्या टाकीतलं तेल तळाला गेलंय, बायकोचे गुडघे थंडीने धरलेत, आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतो, 'तुमचा अर्ज आधीच आलाय'. मी कधी केला अर्ज?

नोएला : तू नाहीच केलास. सप्टेंबरात भलत्याच कुणीतरी केला, तुझ्या नावाने. सोशल सिक्युरिटीचा सरकारी नंबर तुझा, जन्मतारीख तुझी. फक्त बँक त्याची.

लुसिएन : आणि दिलेस पैसे?

नोएला : देते काय! कामावरून का काढलं, तर म्हणे 'शेतावर काम नाही'. सप्टेंबरच्या शेवटी!

लुसिएन : बटाटा काढणीत? अगं, तेव्हा शाळा बंद ठेवून पोरं शेतात उतरवतो आपण. पाद्री रिकामा दिसला तर त्याच्याही हातात टोपली देतील.

नोएला : तेच म्हणते मी. चोर कुठला का असेना, आपल्या काउंटीतला नव्हता. कॉम्प्युटरला काही खटकलं नाही, मला खटकलं. तुझ्या मालकिणीला फोन लावला. ती म्हणाली, "लुसिएन? हा काय समोर, मशीनवर चढून शिव्या घालतोय." तिथल्या तिथे अर्ज गोठवला.

लुसिएन : मग मला कळवायचं नाही?

नोएला : पत्र पाठवलं होतं.

लुसिएन : ते खरंच तुमचं होतं? मी शेगडीत घातलं. म्हटलं, हल्ली फसवणारे फार झालेत.

नोएला : शहाणाच आहेस. आणि त्याआधी फोनवर काही आलं होतं? 'भत्त्यासाठी जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी कार्डाचा फोटो पाठवा' वगैरे?

लुसिएन : उन्हाळ्याच्या आधी. त्यावर राज्याचं चिन्ह होतं गं.

नोएला : पाठवलास?

लुसिएन : दोन्ही बाजूंनी.

नोएला : लुसिएन!

लुसिएन : बोल, बोल. घरी पोलीन बोलणारच आहे, तूही बोलून घे.

नोएला : आम्ही मेसेजवर कार्ड मागत नाही. कधीच नाही. शंका आली की इथे यायचं, नाहीतर फोन करायचा.

लुसिएन : केला होता की परवा. कुणी उचलला नाही, म्हणून निरोप ठेवला.

नोएला : ऐकला मी. 'म्हातारं घुबड' म्हणजे मीच ना?

लुसिएन : रागात होतो गं. वाटलं, माझं हक्काचं तुम्हीच गिळलंत. आणि तू तर राखत बसली होतीस. माफ कर.

नोएला : असू दे. चेहरा जुळला बघ. तो अर्ज रद्द, आता तुझा भर. नवा पासवर्ड घाल, आणि कुणाला सांगू नकोस. पोलीनलाही नाही.

लुसिएन : तिला सांगितला तर रविवारी अख्ख्या चर्चला कळेल. पैसे कधी येतील?

नोएला : पुढच्या आठवड्यात. पूर्ण येतील. तुझ्या पैशांतलं काही गेलेलं नाही.

लुसिएन : काल पोलीनला म्हटलं, यंदा वरची खोली बंद करू, खाली शेगडीपाशी झोपू. उठून पांघरुणं खाली आणायला लागली. त्या गुडघ्यांनी.

नोएला : आता वर न्या म्हणावं.

लुसिएन : मीच नेतो. नोएला, तुझे फार उपकार झाले बघ. तू तो फोन केला नसतास तर...

नोएला : कामच आहे रे माझं ते.

लुसिएन : असेल. पण आपल्यासारख्याचं नाव चोरायला कोण येतंय, असं समजायचो मी. राखायला कुणी बसलं असेल, हे तर कधी मनातच आलं नाही.