अच्युतरावांची कॉफी आणि करपलेलं दूध

मंडळी, आज कीर्तनाचा प्रश्न अगदी साधा आहे. एखादा माणूस एखादी गोष्ट जीव ओतून करतो — तो चांगला की वाईट? ... चांगला म्हणता? सगळेच? बरं. मग ऐका!

साताऱ्यात अच्युतराव नावाचे एक गृहस्थ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभा जन्म धरणाचे दरवाजे उघडण्यात गेला, आणि आता घरी उघडायला काय? तर वर्तमानपत्र! माणूस कोमेजला हो. सकाळी उठेनाच! त्यांच्या पत्नी कुमुदताई हाका मारून दमायच्या. ‘अहो, उठा ना!’ — ‘उठून काय करू?’ आता याला काय उत्तर द्यायचं?

तेवढ्यात बंगळूरच्या लेकीनं कॉफीचं सामान पाठवलं. हातानं फिरवायची चक्की, लांब चोचीची किटली, कागदाची गाळणी आणि चिकमगळूरकडच्या भाजलेल्या बियांचं पुडकं. अच्युतरावांनी पहिला घोट घेतला — आणि माणूस कामातून गेला! पहाटे उठायला लागले! धरणाचं पाणी सोडणारे हात, आता किटलीतून करंगळीपेक्षा बारीक धार सोडायला लागले. पाण्यात थर्मामीटर आला. बिया तोलायला सोनारासारखा काटा आला. पेटीवाले, हसू नका. निवृत्ती तुम्हालाही आहे.

मग आलं सोवळं! कॉफी होईपर्यंत घरात दुसरा वास नको! फोडणी बंद. देवापुढची उदबत्ती — तीसुद्धा बंद! देव काय बोलणार? कुमुदताईही काही बोलल्या नाहीत. अच्युतराव मनात म्हणायचे, काय समजूतदार बायको मिळाली!

कॉफी झाली की रोज परीक्षा. ‘अगं, सांग बघू, काय काय जाणवतं?’ कुमुदताई घोट घ्यायच्या, जरा थांबायच्या. ‘संत्र्याची साल. थोडा गूळ. आणि मागून जाईचं फूल.’ रोज बरोबर! अच्युतराव शेजाऱ्यांना सांगत सुटले, ‘आमच्या हिचं नाक म्हणजे नाक आहे!’

आणि एके दिवशी सकाळी — अच्युतराव टेबलापाशी धार धरून उभे. मागे गॅसवर दूध. कुमुदताई गॅसच्या शेजारीच मेथी निवडत बसलेल्या. दूध आटलं, खाली लागलं, करपलं! घरभर वास!

‘अगं, दूध! झाली ना माझी कॉफी वाया! शेजारी बसून तुला वास आला नाही?’

‘नाही आला,’ कुमुदताई म्हणाल्या, आणि उठून गॅस बंद केला.

‘नाही आला म्हणजे?’

‘म्हणजे येत नाही. ताप आला होता ना मला, तेव्हापासून. तुमची किटली यायच्या आधीपासून.’

‘मग... ते जाईचं फूल?’

‘पुडक्यावर छापलंय की! वाचून सांगत होते.’

अच्युतराव किटली हातात धरून तसेच उभे. मंडळी, वाफेतलं जाईचं फूल ओळखणारा माणूस हा! ‘मला सांगितलं का नाहीस?’

‘कॉफी कशी झाली, हे तुम्ही रोज विचारत होता. मी कशी आहे, ते कुठं विचारलंत? आणि खरं सांगू? तुम्ही पुन्हा सकाळी उठायला लागला होता. मला तेवढं पुरे होतं.’

अच्युतरावांनी किटली खाली ठेवली. कसंबसं म्हणाले, ‘तुला चवीचं कळतं तरी काय आता?’

‘गोड कळतं. गरम कळतं.’

कॉफीत साखर म्हणजे महापाप, असं म्हणणारा माणूस! त्यानं दुसरं दूध तापवलं, कॉफीत ओतलं, हात सैल सोडून साखर घातली. काटा नाही, थर्मामीटर नाही! कुमुदताईंनी घोट घेतला. ‘आज छान झालीय हं.’ या वेळी पुडकं बघितलं नव्हतं त्यांनी.

डॉक्टरांकडे नेलं का? नेलं, त्याच दिवशी! वास येईल हळूहळू, नाहीतर नाहीही येणार, म्हणाले डॉक्टर. तोवर अच्युतराव काय करतात? कॉफी रोज होते. पण आधी देवापुढे उदबत्ती लावतात आणि आत हाक देतात, ‘कुमुद, आज मोगरा आहे गं!’ फोडणीपाशी उभे राहून सांगतात, ‘हिंग आला. आता कढीपत्ता.’

तर जीव ओतणारा माणूस चांगला की वाईट? आता का गप्प?

थोड्या वेळानं उठाल, चपला शोधाल, मला म्हणाल, ‘बुवा, कीर्तन छान झालं!’ कार्यक्रमाची पत्रिका वाचून म्हणता की काय, देव जाणे! मला नका सांगू. घरी जा, आणि जो माणूस रोज तुम्हाला ‘छान’ म्हणतो ना — त्याला विचारा, तू कसा आहेस. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. चला, टाळ उचला, नाव घ्या विठ्ठलाचं!