सात नंबरची प्लेट

—न्हाय न्हाय पावणं, असं मधनंच इचारू नका. सौंदर्या येईस्तोवर टाइम हाय न्हवं? मग बैजवार ऐका. आटपाट राजारामपुरी होती, तितल्या नवव्या गल्लीत एक आज्जी आणि एक नात ऱ्हायची. आज्जी अक्काताई, म्हंजे मीच, शाळंची पायरी न चढल्याली. आणि नात सौंदर्या, शिकून शिकून चष्मा लागल्याली. नातीनं मागल्या खोलीत मशीन मांडलं. कशाचं? भोकं पाडायचं! हसू नका. मीबी हसले आदी. तुमची कंपनी करती ती पवनचक्कीची पाती न्हाईत का — कापडावर कापड, मधी डिंकागत कायतरी — ते भट्टीत भाजून थंड झालं की आतल्या आत ताणून बसतं म्हणं. वरनं दिसतंय गुळगुळीत! मग हिनं काय करायचं, त्याच मालाच्या प्लेटीवर नाजूक तारांची चकती चिकटवायची आणि मधोमध तिळाएवढं भोक पाडायचं. भोक पडलं की तेवढ्यापुरता ताण सुटतो, भवतीचं इतकुसं हलतं, ते चकतीला कळतं, आणि मशीन आकडा दावतं. मला पहिल्या दिशीच उमगलं. म्हटलं, पोरी, हे वाकळंचंच हाय की! चिंध्यावर चिंध्या घालून वाकळ शिवताना एखादीनं टाकं वडून घातलं — आमची धाकली जाऊ घालायची, जळायची माझ्यावर — तर एक टाका कात्रीनं तोडायचा. कापड टचकन मागं सरलं की समजायचं, हितं वड हाय. सौंदर्या म्हटली, "आज्जे, मशीन इकून टाकते, तुलाच बसवते."

तर तुमच्या कंपनीनं धा प्लेटी धाडल्या. नऊ सारख्या, आणि सात नंबरात ताण निम्मा. निम्मा! तुमचं सायेब फोनवर काय म्हटलं — "म्याडम, मशीन चुकलंय न्हायतर तुमी. तेवढा आकडा काढून टाका, न्हायतर पुढलं काम दुसरीकडं." पोरीनं जागा बदलून तीन भोकं पाडली, तिन्हीला तेच. म्हटली, दिसलं ते लिवणार. काढला न्हाय आकडा, म्हणून तर तुमी बघाय आलासा. पर आठ दिस घास उतरंना तिला. अवो, पहिलंच मोठं काम. हे गेलं की खोलीला कुलूप आणि ही पुण्याला नोकरीला. मग मी हितं भिताडाशी बोलत बसायचं व्हय?

व्हय, प्लेटी हितंच हुत्या, कपाटात. चकत्या यायला पंधरा दिस लागलं की. न्हाय, कुणी हात न्हाय लावला. कोण लावतंय! चिमणाबाई येती शेजारची, पर ती कपाटाकडं बघत न्हाय, सैपाकघरात शिरती. माझ्या भाताच्या पातेल्याचं झाकण नेलं, अजून आणतीया. मग? मग काय पावणं, उघड्यावर भात शिजवायचा? एक काळी, सपाट, हलकी, कडंला नंबर घातल्याली...

—तसं बघू नका. च्या प्या. रोज न्हाय वो. बरं, रोज. दोन येळला. पर धुवून-पुसून जाग्यावर ठेवायची, मी काय घाण ठिवणारी न्हाय. आणि बसायची काय झाक! वाफ जरा भाईर न्हाय. तुमच्या मालाला नावं ठेवायचं काम न्हाय.

काय म्हटलासा? वाफ आत मुरती? मुरली की फुगतं, आणि फुगलं की ताण सैल पडतो? आत्ता गं बया! म्हंजे आकडा खरा? माझ्या भाताची वाफ पोरीच्या भोकानं धरली आणि तुमच्या सायबाला पत्ता न्हाय? मग लावा की फोन त्यास्नी. हितंच लावा. मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं... हं... काय म्हणत्यात?... तीन वरसांचं काम? समद्या पात्यांचं? हिच्याकडंच?

अक्षी डोळं भरलं बघा. थांबा, पदर कुटाय. तुमीबी लबाड हाय पावणं, तिळाएवढं इचारलं आणि माझं समदं भाईर काढलं. आता माझं एक ऐका. तीन वरसाचं तिला तुमच्या तोंडानं सांगा, पेढं खावा, दोन दिस ऱ्हावा. पर वाफ कुटनं आली ते... पाऊस म्हणा. राधानगरीकडनं आली म्हणा. काय बी म्हणा, पर माझं नाव—

आगं, आलीस व्हय सौंदर्या? कवाधरनं दारात हुबी हाईस?