कपाटाआडची ऊब

वृद्धाश्रमाच्या कचेरीत स्वतःचाच अर्ज भरत बसलेल्या निवृत्त प्राध्यापकबाईंनी आयुष्यभर माणसांपेक्षा ग्रंथांचे अधिक ऐकले होते. आज मात्र शेजारच्या बाकावरचे बोलणे त्यांना कानाआड करता येईना. तिथे एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून बसली होती.

“आई, तुमचा कोपरा इथल्या खोलीत जसाच्या तसा मांडलाय हं,” सून सांगत होती. “खुर्ची, शाल, पिवळा दिवा.”

“आणि कपाटसुद्धा!” मुलगा म्हणाला. “जिन्यात हमालांचा घाम निघाला.”

“कपाट कशाला रे?”

“अगं, त्याच्याच आड बसायचीस ना? म्हणायचीस, इथे ऊब वाटते.”

“म्हणायचे खरी.”

“मी तर सगळ्यांना कौतुकानं सांगते, आमच्या आईंना आपला कोपराच प्यारा!”

“सांग हो. बाळा, तुमच्याकडे पाहुणे यायचे. आधी मीही त्यांच्यात बसायचे, पण हिचा चेहरा उतरायचा. मग गेले कपाटामागे. तू विचारलंस, ‘आई, इथे का?’ तुला काय सांगणार? म्हटलं, ऊब आहे.”

“तेव्हाच बोलायचं नाही का?”

“बोलले असते तर इथे तेव्हाच आले असते.”

“आजी, इथे सही करा,” कारकून म्हणाला.

म्हातारीने चष्मा पुसून सावकाश सही केली.

“आता जाता जाता एवढं कर, बाळा. ते कपाट भिंतीला सरकव. मला दार दिसू दे.”