पाकातली विलायची

सकाळी नागपुरातल्या लेकीशी फोनवर बोलता बोलता पुष्पा राठोडला रडू आवरलं नव्हतं. आता ती पुसदच्या व्यसनमुक्ती केंद्राबाहेर नवऱ्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावर मायलेकी बोलत होत्या.

"पुण्यात तू नेमकं काय शिकत होती, वैष्णवे?"

"जड तारा स्वतःभोवती फिरला ना माय, की तो भोवतालची मोकळी जागाच संग ओढून नेतो. त्याच्याभोवती फिरणाऱ्याची वाट हळूहळू वळत जाते."

"त्याले हात न लावता?"

"हो. तू पाकात झारा फिरवते, तं कडची विलायची बी फिरतेच ना."

"तुह्या भावानं बी दारूपायी सारं घर असंच फिरवलं. सुटका नाही का त्यातून?"

"लांब गेलं की ओढ लय कमी होते."

"तू त लांबच गेलती. शिक्षण सोडून वापस काहून आली?"

"तुहा फोन आला."

"मी त नुसती रडली, बाई. ये कुठं म्हटलं?"

"म्हणावं लागत नाही, माय."

पुष्पाचा फोन वाजला. लेकच होती, आईला हाक मारत.

"याडी, पुसदच्या गाडीत बसली मी."