फेसाळ सरबत

आमच्या काळी बायका दारूचं नावही स्टँडवर काढत नसत. परवा कारंजाच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी जावा मोकळ्या आवाजात बोलत होत्या.

"जावयानं सरबत केलं म्हणे, जाऊबाई?"

"सरबत कायचं, सुचिता! लिंबू पिळलं, साखरेचा पाक टाकला, त्याच्यात विस्की. वरून अंड्याचा पांढरा बलक, अन् डब्यात घालून खळाखळा हलवलं."

"अंडं? आपल्या घरात?"

"फेस येते म्हणे. मी पाहून राह्यली तोवर आमचे हे गिलास उचलून पिऊन मोकळे!"

"बाई गं! माळकरी माणूस!"

"त्याईले वाटलं, मीच केलं. म्हणाले, 'अवं, काय चव आहे तुह्या हाताले!' तीस वर्षांत पह्यल्यांदा."

"मंग खरं सांगतलं नाही?"

"कसं सांगू? आता उद्या भजनी मंडळालेही तेच पाजायचं म्हणतेत."

"साधं लिंबूसरबत द्या ना."

"काल त्याईले देऊन पाह्यलं. म्हणाले, हात बिघडला तुहा."

"मंग?"

"जावयाले फोन लाव. म्हण, उद्या या."

"जाऊबाई!"

"अन् अंडं टाकू नका म्हण. माळकरी माणसं आहेत."