बारा गाड्यांचा कागद

...पाच खेपा केल्या म्या, पाच! हसू नोका बापा. अकोल्याहून अमरावती, तीन दिस जायाले, तीन दिस यायाले, न काहून? तं कागद दाखवाले! दमनीत ना कापूस, ना सरकी... मी, दोन बैल न एक कागद!

तिकडं अमेरिकेत लढाई लागली, इकडं कापसाले सोन्याचा भाव आला, म्हून म्या पुंजारामनं बायकोच्या हातातले गोट मोडून बारा गाड्या केल्या. तुमाले सांगतो, वाटलं, अमरावतीच्या शेठच्या कापसाच्या गठानी आपनच रेल्वेपर्यंत वाहू! तं त्याच्या मुनीमानं सांगावा धाडला, "गाड्या किती, भाडं किती, अर्जी लिहून आना. डाकेनं नाई, सोता आना."

आमच्या कुळकर्न्याकडून लिहून घेतली, नेली. मुनीम म्हने, "बैल कैसे हाय? पुन्हा लिहून आना!"

कुळकर्न्यानं मंग बैलांचं असं वर्नन केलं... शिंगं अशी, वशिंड असं... आयकता आयकता मलेच ते इकत घ्यावे वाटले! मुनीम म्हने, "बैल इकाचे हाय काय? आन पानी आलं तं? पुन्हा लिहून आना!"

लिहिलं. पानी आलं तं तरट, तरट फाटलं तं घोंगडं, घोंगडं भिजलं तं पुंजाराम सोता गठानीवर पालथा झोपन. मुनीम म्हने, "इतका लंबा कोन वाचन? पुन्हा लिहून आना!"

चौथ्यांदा एकच ओळ नेली. 'कापूस नेतो. पुंजाराम.' त्यानं कागद उलटून मागंबी पाहालं! "बाकीचा कुठं हाय? पुन्हा लिहून आना!"

घरी मनकर्णा म्हने, "अजी, माहे गोट गेले, गाड्याईत कोंबड्या अंडे देऊन राहिल्या. त्या मुनीमालेच घेऊन या ना, तोच इथं लिहीन बसून!"

पाचव्यांदा गेलो, तं शेठ सोता गादीवर! "मुनीमजी, हा आदमी कोन? दर सातव्या दिशी, जेवनाच्या वक्ताले हाजर. एक दिस चुकत नाई!"

माही छाती अशी फुगली... म्हटलं, मनकर्णे, तुहे गोट आले वापस!

शेठ म्हने, "तुमचा कागद म्या नाई वाचला. पन मानूस वक्ताचा पक्का हाय. दारात गाडीवाल्याईची गर्दी नोको. अकोल्याकडच्या साऱ्याईच्या अर्ज्या तुमीच आनत जा. फेरीमागं दोन रुपये."

आता सांगा, काय म्हनाव? अकरा गाड्या अंगनात, बारावी ही दमनी, हिच्यात दुसऱ्याचे कागद! कापूस? तो तिथंच पडून हाये. अजून कोनाचीच अर्जी मंजूर नाई. न ज्या दिशी होईन, त्या दिशी माही फेरी बंद!

काल शेजारचा खुशालराव आला, रडकुंडीले. तीनदा वापस आलेला कागद माह्या हातात देल्ला. "पुंजारामभाऊ, तुमी तिथं जाता-येता... पाहा ना, काय कमी हाये याच्यात?"

मले अक्षर येत नाई. तरी कागद उजेडात धरला... वरून खालपर्यंत पाहाला... उलटून मागंबी पाहाला... मान हालवली न म्हटलं,

"खुशालराव, पुन्हा लिहून आना!"