जावयाचा कान अन् दुबईचा रस्ता

…अन् मलेच म्हणतात, बुढ्याले हिशोब येत नाही. तिसरीपर्यंत शिकलो गा मी. दहा ते साडेअकरा म्हणजे दीड तास, का नाही? तुमाले सांगतो, दोन सालाखाली आमचा रविंद्र दुबईले गेला, त्याचं पत्र आलं, 'बाबा, मुंबईत सकाळी दहाले विमानात बसलो, साडेअकराले दुबईत उतरलो.' नागपूर-मुंबई रेल्वेनं सोळा तास, अन् समुद्रापल्याडची दुबई दीड तास… बरं, असन.

यंदा माझ्या पोरीचं, प्रेमिलाचं, लग्न ठरलं सावनेरच्या देवाजीच्या पोराशी. आमच्यात नवरीचा भाऊ मांडवात नवरदेवाचा कान पिळते, बहिणीले नीट वागवजो म्हणून. अन् भाऊ तर एकच, तो दुबईत! त्यानं लिहिलं, 'मंगळवारी सकाळी दहाच्या विमानानं निघतो.' इकडं देवाजी विचारते, 'सोयरे, बुधवारी मुहूर्त दोन आहेत, सकाळी नऊचा अन् सांजचा. पोरगा पोचन ना गा?' म्या बोटावर मोजलं. दहाले निघन, साडेअकराले मुंबई, दोनची गाडी, पहाटे सहाले नागपूर. म्हटलं, 'सकाळचाच धरा.' जायले दीड तास, त यायले किती? रस्ता तर तोच ना?

नऊ वाजले, रविंद्राचा पत्ता नाही. भटजी घाई करून राहिले, चुलतभाऊ लहानू कान पिळाले बाह्या सारून तयार, अन् पोरगी म्हणते, 'दादाच पिळन, नाही त कोणीच नाही.' कानाले हात न लागताच लग्न लागलं. जेवणं झाली, पोरगी रडत रडत सावनेरले गेली, अन् अर्ध्या घंट्यानं हा रिक्षातून उतरते. म्हणे विमान अडीचले उतरलं, दोनची गाडी हुकली, रातची धरली. दहा ते अडीच… साडेचार तास? काहून? रस्ता तर तोच ना?

शेजारचे मधुकरराव सरकारी हापिसात कारकून. ते समजावतात, 'अहो, विमानाला दोन्हीकडून तीनच तास लागतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं.' म्हटलं, मागं आहे त पुढं काहून करत नाहीत? साऱ्या गावाचं घड्याळ मागं, अन् कोणालेच दिसत नाही? 'अहो, तिकडे सूर्य उशिरा उगवतो.' म्हटलं, सूर्य कितीक आहेत? म्हणे एकच. मंग? सूर्य तोच, रस्ता तोच, अन् हे तीन तास आणखी कुठून आणले?…

तसेच बापलेक सावनेरच्या बसमध्ये बसलो. प्रेमिला दादाच्या गळ्यात पडून खूप रडली. जावई बिचारा आपणहून कान घेऊन समोर आला. त पोरगी डोळे पुसत म्हणते, 'यांचा कान राहू दे, दादा. सकाळचा मुहूर्त कोणी धरला? बाबाचा पिळ.'

सारे सोयरे पाहून राहिले, देवाजी मिशीत हसून राहिला. आता काय करता? टोपी काढली अन् रविंद्राले विचारलं, डावा देऊ का उजवा?